छाती भरली म्हणजे दमाच का?

सोलापुरात पाऊस मनावर घेतो तो भाद्रपदात. त्याच सुमारास शहरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतली बाकडी भरू लागतात. दुपट्यात गुंडाळलेले चार-पाच महिन्यांचे बाळ. दोन दिवस नुसते नाक वाहत होते, तिसऱ्या दिवशी खोकला लागला, आणि आता दूध ओढता ओढताच ते दमते. पोट उडते आहे, छातीतून बारीक शिटीसारखा आवाज येतो आहे. आई सांगते, ‘छाती भरलीय.’ तपासणी होते, औषध ठरते, आणि दाराकडे वळता वळता आजी हळूच विचारते, ‘बालदमा तर नाही ना, डॉक्टर?’

या एका प्रश्नाला घरोघरी दोन उत्तरे तयार असतात. एक भीतीचे : दमा म्हणजे जन्माचे दुखणे, पंप लागला की सुटत नाही, मुलगी असेल तर पुढे लग्नाला अडचण, त्यामुळे हा शब्द घराबाहेर जाता कामा नये. दुसरे उत्तर बेफिकिरीचे : सर्दीच तर आहे, मोठे झाले की आपोआप जाईल. पहिल्या उत्तरामुळे निरोगी होऊ शकणाऱ्या मुलावर शिक्का बसतो. दुसऱ्यामुळे ज्याला खरोखर दमा आहे ते मूल वर्षातून चार वेळा धापा टाकते, दर वेळी नवे सिरप पिते, आणि त्याच्या आजाराला नाव मिळेपर्यंत शाळेचे वय उलटून जाते.

तान्हेपणी झालेला विषाणूचा संसर्ग आणि पुढे होणारा दमा यांच्यात नाते आहे का, यावर गेली चार दशके जगभर अभ्यास चालू आहे. नाते आहे, हे आता निश्चित झाले आहे. पण ते ‘छाती भरली, म्हणून दमा झाला’ इतके सरळ नाही. ते समजून घेतले तर आजीच्या प्रश्नाला भीती आणि बेफिकिरी यांच्या मधले, कामाचे उत्तर देता येते.

सर्दी मोठ्यांची, धाप बाळाची

या गोष्टीतला मुख्य विषाणू ‘आरएसव्ही’, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. १९५६ साली अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या चिंपांझींना सर्दी झाली आणि त्यांच्यात हा विषाणू पहिल्यांदा सापडला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांनी तो आजारी तान्ह्या बाळांमध्ये शोधला. तेव्हा लक्षात आले की हे माणसाच्याच बाळाचे जुने दुखणे आहे. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. मोठ्यांना त्याची नुसती सर्दी होते. तान्ह्या बाळाला मात्र तो श्वासासाठी झगडायला लावू शकतो.

हा फरक पडतो तो श्वासनलिकेच्या आकारामुळे. फुप्फुसात खोलवर गेलेल्या बाळाच्या नलिका अगदी बारीक असतात. विषाणू त्यांच्या आतल्या अस्तरात शिरतो, पेशी एकमेकींना चिकटवतो आणि मारतो. अस्तर सुजते, मेलेल्या पेशी आणि चिकट कफ यांची बुचे तयार होतात. नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, तो सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या नळीत एवढीच सूज आली तर फारसे जाणवतही नाही. बाळाची मात्र प्रत्येक श्वासाला कसरत होते. या आजाराला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात, म्हणजे सूक्ष्म श्वासनलिकांचा दाह. अरुंद नळीतून हवा बाहेर पडताना जी शिटी वाजते, तीच दम्यातही वाजते. आवाज सारखा, म्हणून आजारही सारखाच असे वाटते. गोंधळाची सुरुवात इथे होते.

हा किरकोळ आजार नव्हे. २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालच्या मुलांना आरएसव्हीमुळे फुप्फुसाच्या संसर्गाचे सुमारे ३ कोटी ३० लाख आजार झाले, ३६ लाख मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एक लाखाहून अधिक मुले दगावली. हे मृत्यू जवळजवळ सगळे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. महाराष्ट्रात याचे चित्र मेळघाटात दिसले. डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील संशोधकांच्या साथीने २०१६ ते २०२० या काळात तिथल्या ९३ गावांतील दोन वर्षांखालच्या मुलांवर लक्ष ठेवले. रुग्णालयापर्यंत न पोहोचता घरीच दगावलेल्या बाळांमध्येही आरएसव्ही सापडला. रुग्णालयाच्या नोंदवहीत जे दिसते त्यापेक्षा हा आजार मोठा आहे, हे त्या कामाने दाखवून दिले.

उत्तर भारतात आरएसव्हीची लाट थंडीत येते. आपल्याकडे, पश्चिम भारतात, ती पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत येते. सर्दीचा दुसरा नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. त्याला ऋतू लागत नाही, तो बाराही महिने फिरतो. दम्याच्या गोष्टीत त्याचाही मोठा वाटा आहे, तो पुढे येईल.

अठरा वर्षे पाठपुरावा

स्वीडनमधल्या बोरोस भागात १९८९-९० च्या हिवाळ्यात आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल झालेली ४७ बाळे संशोधकांनी निवडली. तुलनेसाठी त्याच वयाची, असा आजार न झालेली ९३ बाळे घेतली. मग ही मुले मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. सात वर्षांची झाली तेव्हा दाखल झालेल्यांपैकी ३० टक्के मुलांना दमा होता. दुसऱ्या गटात ३ टक्क्यांना. अठराव्या वर्षी दमा किंवा वारंवार शिटी वाजण्याचा त्रास पहिल्या गटात ३९ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात ९ टक्क्यांना होता.

आकडे धडकी भरवणारे आहेत. पण तेच आकडे उलट बाजूनेही वाचता येतात : रुग्णालयात दाखल करावे लागले, इतका गंभीर आजार झालेल्या मुलांपैकीही निम्म्याहून अधिक मुले अठराव्या वर्षी या त्रासापासून मुक्त होती. आणि ज्यांना घरीच सांभाळता आले, अशा मुलांचे काय? अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टुसान शहरात, १९८० पासून चाललेल्या अभ्यासात अशी मुलेही होती. ज्यांना तीन वर्षांच्या आत आरएसव्हीमुळे छातीचा आजार झाला, त्यांना पुढे शिटी वाजण्याचा त्रास अधिक झाला खरा. पण वयाबरोबर तो फरक कमी होत गेला आणि तेराव्या वर्षी उरला नाही.

टुसानच्याच अभ्यासातली आणखी एक नोंद पालकांना उपयोगी आहे. तिथल्या ८२६ मुलांपैकी सहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ निम्म्या मुलांची छाती एकदा तरी वाजली होती. सुमारे २० टक्के मुलांचा त्रास तीन वर्षांपर्यंतच होता आणि सहाव्या वर्षी थांबलेला होता. १५ टक्के मुलांना तो तीन वर्षांनंतर सुरू झाला. लहानपणी सुरू होऊन सहाव्या वर्षीही चालू राहिलेली मुले सुमारे १४ टक्के होती. म्हणजे तीन वर्षांच्या आत ज्यांची छाती वाजली, त्यातली बहुसंख्य मुले शाळेत जाईपर्यंत मोकळी झाली.

ठिणगी की खूण?

तरीही मुख्य प्रश्न उरतोच. विषाणूने फुप्फुस बिघडवले म्हणून दमा झाला, की दम्याकडे झुकणारी प्रकृती आधीच होती म्हणून विषाणू इतका बाधला? घराला आग लागली. ठिणगी पडली म्हणून, की आत वाळलेले गवत होते म्हणून?

डेन्मार्कमधल्या हजारो जुळ्यांच्या नोंदी तपासल्यावर कौल गवताच्या बाजूने पडला. आरएसव्हीचा गंभीर आजार हे दम्याचे कारण असण्यापेक्षा मुळातल्या प्रकृतीची खूण असावी, असे त्या २००९ सालच्या अभ्यासाने सुचवले. नेदरलँड्समध्ये मग उलटा प्रयोग झाला : विषाणूलाच रोखले तर? मुदतीपूर्वी जन्मलेल्या ४२९ बाळांपैकी निम्म्यांना आरएसव्हीच्या हंगामात दर महिन्याला प्रतिपिंडाचे इंजेक्शन दिले, निम्म्यांना नुसते पाणी. पहिल्या वर्षात छाती वाजण्याचे दिवस ६१ टक्क्यांनी कमी झाले. हा मोठा फायदा होता. पण सहाव्या वर्षी ही मुले पुन्हा तपासली तेव्हा निकाल संमिश्र आला. पालकांच्या सांगण्यानुसार दमा कमी होता, १४ टक्के विरुद्ध २४ टक्के. मात्र फुप्फुसाची क्षमता मोजल्यावर दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

२०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील अभ्यासाने ठिणगीची बाजू पुन्हा वर आणली. पूर्ण दिवसांची, निरोगी जन्मलेली सुमारे दोन हजार बाळे त्यात होती. पहिल्या वर्षात आरएसव्हीचा संसर्ग झाला की नाही, एवढेच पाहिले. आजार सौम्य असो वा तीव्र. पाचव्या वर्षी संसर्ग झालेल्यांत २१ टक्क्यांना दमा होता आणि पहिल्या वर्षी संसर्ग टळलेल्यांत १६ टक्क्यांना. लक्षात घ्यायचे ते असे की या मुलांनाही पुढे आरएसव्ही झालाच असणार. फरक फक्त वेळेचा होता. पहिल्या वर्षात फुप्फुसे आणि प्रतिकारशक्ती दोन्ही घडत असतात. त्या काळातला घाव खोल जातो. तोच विषाणू वर्षभर उशिरा आला तर तितके नुकसान करत नाही.

ऱ्हायनोव्हायरसची गोष्ट याहून बोलकी आहे. अमेरिकेतल्याच मॅडिसन शहरात, आई किंवा वडील यांपैकी एकाला तरी ॲलर्जी किंवा दमा आहे अशा घरांतली बाळे जन्मापासून पाहिली गेली. पहिल्या तीन वर्षांत आरएसव्हीने छाती वाजलेल्या मुलांना सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता सुमारे अडीच पट होती. ऱ्हायनोव्हायरसने वाजलेल्यांना जवळजवळ दहापट. ज्या साध्या सर्दीच्या विषाणूला इतर मुले नाक पुसून विसरतात, तोच एखाद्याच्या छातीपर्यंत उतरत असेल, तर त्या मुलाच्या श्वासनलिका आधीपासूनच हळव्या असण्याचा संभव मोठा. पुढे जनुकशास्त्रानेही याला दुजोरा दिला. १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील काही बदल आणि ऱ्हायनोव्हायरसने छाती वाजणे, हे दोन्ही ज्या मुलांत एकत्र आले, त्यांच्यात दमा ठळकपणे अधिक होता.

थोडक्यात, टाळी दोन्ही हातांनी वाजते. विषाणू ठिणगीही आहे आणि खूणही. प्रकृती आई-बापाकडून येते, ती बदलता येत नाही. पण ठिणगी किती लवकर पडावी आणि भोवती किती धूर असावा, हे काही अंशी आपल्या हातात आहे.

बाळाच्या खोलीतली हवा

सोलापूरच्या घरांकडे या नजरेने पाहायला हवे. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात राज्यातल्या ज्या शहरांची नावे आहेत त्यात सोलापूरही आहे. रस्त्यावरची धूळ, वाहनांचा धूर आणि हंगाम संपता संपता पेटवले जाणारे उसाचे पाचट हा शहराचा आणि जिल्ह्याचा सामाईक भार आहे. तो एका घराला कमी करता येणार नाही. पण पहिल्या वर्षातले बाळ दिवसातले बहुतेक तास घरातच असते, आणि तिथल्या धुराला घरातल्याच चांगल्या हेतूंनी वाट मिळते.

बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि न्हाऊ घातल्यावर बाळाला दिली जाणारी धुरी हे त्याचे पहिले उदाहरण. ओवा, शेपा, लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून बाळाला त्या धुरावरून फिरवायचे, खोलीची दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, ही आजीची माया आहे. ऊब हवीच, पण ती दुपट्याने, टोपड्याने आणि आईच्या कुशीने मिळते. निखाऱ्याचा धूर बाळाच्या सर्वांत बारीक नलिकांपर्यंत पोहोचतो, तिथले अस्तर दुखावतो, आणि दुखावलेल्या अस्तरात विषाणूला शिरणे सोपे जाते. डासांच्या कॉइलचेही तेच. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण हवेत सोडते, असे मोजमाप २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. मच्छरदाणीला धूर नसतो. अगरबत्ती आणि धूप देवघरात असतील, तर बाळाचा पाळणा दुसऱ्या खोलीत हवा.

अडचण अशी, की दुसरी खोली अनेक घरांत नसते. पूर्व भागात हजारो महिला घरीच विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू, आणि हाताच्या अंतरावर झोपलेले बाळ. यंत्रमागाच्या खोलीला लागून बिऱ्हाड असेल तर सुताचा भुसा घरात येतो. ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळच्या कोप्यांमध्ये चूल, थंडी आणि तान्हे बाळ एकाच छपराखाली असतात. अशा घरांना ‘धुरापासून दूर राहा’ एवढे सांगणे पुरेसे नाही. कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये १९ जानेवारी २०२४ रोजी विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी १५ हजार घरांचे लोकार्पण झाले. अशा घराला वेगळे स्वयंपाकघर आणि उघडणारी खिडकी असणे ही आरोग्याचीच बाब आहे. तोवर जे शक्य आहे ते असे : तंबाखू चाळणे-भिजवणे घराबाहेर किंवा बाळ झोपले नसेल त्या जागी, काम झाल्यावर हात धुऊन आणि लुगडे बदलून मग बाळाला घेणे, आणि घरात कोणीही, अगदी दारात उभे राहूनही, विडी-सिगारेट न ओढणे. गरोदरपणात आईच्या नाकात गेलेला धूरही बाळाची फुप्फुसे जन्माआधीच कमकुवत करतो. पहिला नियम म्हणून तिथूनच सुरुवात हवी.

ठिणगी लांबवायची कशी?

‘आजारी पडू दे, त्यानेच प्रतिकारशक्ती वाढते,’ असे नेहमी ऐकू येते. आरएसव्हीच्या बाबतीत ते लागू होत नाही. एकदा होऊन गेला तरी त्याच्याविरुद्ध टिकाऊ संरक्षण मिळत नाही. तो पुन्हा पुन्हा होतो. फायदा आहे तो पहिला संसर्ग लांबवण्यात. पहिले सहा महिने सर्वांत नाजूक. मुदतीपूर्वी जन्मलेली बाळे आणखी नाजूक, कारण आईकडून नाळेतून येणाऱ्या प्रतिपिंडांचा मोठा साठा गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो आणि तोच त्यांना अपुरा पडतो.

बाळापर्यंत विषाणू आणतात ते बहुधा घरातलेच लोक. अंगणवाडीतून आलेले मोठे भावंड, बारशाला आलेले पाहुणे, प्रेमाने गालाचा मुका घेणारी आत्या. आरएसव्ही शिंकेतून उडतो, हातांवर काही वेळ आणि खेळण्यांवर काही तास टिकतो. म्हणून साबणाने हात धुऊनच बाळाला घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. सर्दी झालेल्या माणसाने बाळाला दुरूनच पाहावे. आईलाच सर्दी असेल तर तिने मास्क लावून अंगावर पाजावे, पाजणे थांबवू नये. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान मिळालेल्या बाळांना हा आजार तितका जोरात होत नाही. गणपतीची आरास, नवरात्रात तुळजापूरची वाट, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा ही सोलापूरच्या जिवाभावाची गर्दी आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाने पुढच्या वर्षी देवदर्शन घेतले तर देव रागावणार नाही.

लसीचे काय? आरएसव्हीवर लस करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९६६ मध्ये अमेरिकेत झाला आणि तो फसला. लस घेतलेल्या बाळांना पुढे संसर्ग झाला तेव्हा त्यांचा आजार अधिक बळावला. दोन बाळे दगावली. त्या धक्क्यानंतर काम कित्येक वर्षे मंदावले. २०१३ मध्ये विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाची नेमकी रचना उलगडली आणि दार उघडले. आता दोन मार्ग आहेत : गरोदर आईला लस, म्हणजे प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळतात, किंवा बाळाला निरसेविमॅब या दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिपिंडाचे एकच इंजेक्शन. स्पेनमधल्या गॅलिसिया प्रांतात २०२३-२४ च्या हंगामात ते सरसकट बाळांना दिले गेले. त्यामुळे आरएसव्हीच्या छातीच्या आजारासाठी रुग्णालयात दाखल होण्यापासून सुमारे ८२ टक्के संरक्षण मिळाले. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात हे अद्याप नाही. मुदतीपूर्वी जन्मलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या बाळांच्या पालकांनी बालरोगतज्ज्ञांशी याविषयी जरूर बोलावे. न्युमोनियाविरोधी पीसीव्ही लस मात्र सरकारी केंद्रांत मोफत आहे आणि ती चुकवू नये. ती आरएसव्हीला रोखत नाही. पण विषाणूनंतर जिवाणूचा दुसरा घाव बसण्याचा धोका कमी करते.

कधी धावायचे, काय टाळायचे

बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, ओठ किंवा नखे निळसर दिसतात, बाळ कण्हते, दूध ओढत नाही, सुस्त पडते किंवा मधेच श्वास थांबतो, यातले काहीही दिसले तर रात्र-अपरात्र न पाहता रुग्णालय गाठावे. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. आशा कार्यकर्तीलाही ही मोजणी येते. केंद्राच्या २०१९ मधल्या ‘सांस’ मोहिमेत त्यावरच भर आहे.

ब्रॉन्किओलायटिस विषाणूचा असल्याने प्रतिजैविके त्यावर चालत नाहीत. ऑक्सिजन, थोडे थोडे दूध किंवा द्रव, मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून मोकळे केलेले नाक, यावरच बहुतेक बाळे बरी होतात. कापूर असलेला बाम दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला किंवा नाकाला लावू नये. उकळत्या पाण्याची वाफ नको. भाजण्याचा धोका मोठा. खोकल्याची सिरप तर नकोच. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने मुले दगावल्यावर, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावले आहे.

नाव देण्याची वेळ

मग दम्याचे नाव केव्हा घ्यायचे? एका आजारावरून नाही. तीन वर्षांच्या आत छाती वारंवार वाजते, आणि त्याबरोबर आई किंवा वडिलांना दमा आहे किंवा बाळाला त्वचेचा एक्झिमा आहे, तर शक्यता वाढते. सर्दी नसतानाही छाती वाजते, रात्री खोकल्याने झोप मोडते, हसताना-धावताना धाप लागते, सतत शिंका आणि नाक खाजणे आहे, याही खुणा आहेत. टुसानच्या अभ्यासातूनच अशा खुणांचा तक्ता तयार झाला आणि डॉक्टर आजही तो वापरतात.

नाव द्यायचे टाळल्याने काय होते, ते भारतातल्या आकड्यांत दिसते. पुण्यासह देशातल्या नऊ केंद्रांवर झालेल्या पाहणीत ज्यांची छाती वाजत होती, त्यातल्या ८२ टक्के लोकांना दम्याचे निदानच झालेले नव्हते. श्वासातून घ्यायचे नियमित औषध अडीच टक्क्यांहून कमी जणांना मिळत होते. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक. हा फरक आजाराचा कमी आणि न मिळालेल्या उपचाराचा जास्त आहे.

पंपाची भीती इथे आड येते. स्पेसर आणि मास्क लावून दिलेले औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून मात्रा गोळी-सिरपपेक्षा पुष्कळ कमी लागते. त्याची सवय लागत नाही. वर्षानुवर्षे घेतल्यास उंचीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. अनियंत्रित दम्याचा तोटा त्याहून कितीतरी मोठा. मात्र या औषधाकडून भलती अपेक्षाही नको. धोका अधिक असलेल्या २८५ लहान मुलांपैकी निम्म्यांना ते दोन वर्षे देऊन पाहिले गेले. औषध चालू होते तोवर त्रास कमी राहिला; बंद केल्यावर दम्याचा पुढचा मार्ग बदलला नाही. म्हणजे हे औषध दमा टाळत नाही, दम्यासोबत नीट जगू देते. मूल शाळेत जाते, खेळते, रात्री झोपते, एवढे मिळाले तरी खूप मिळाले.

म्हणून छाती भरून गेलेल्या बाळाच्या पालकांनी एक साधे काम करावे. लसीकरणासाठी मिळालेल्या माता व बाल संरक्षण कार्डाला एक कोरा कागद जोडावा. छाती वाजली की तारीख, सर्दी होती की नाही, रात्री त्रास झाला का आणि कोणते औषध दिले, हे त्यावर लिहावे. डॉक्टर बदलले तरी हा कागद सोबत न्यावा. वर्षभरात त्यावर एकच तारीख असेल तर आजीने निर्धास्त व्हावे. चार-पाच झाल्या, तर दम्याचा प्रश्न दाराशी हळू आवाजात न विचारता डॉक्टरांसमोर बसून, कागद पुढे ठेवून विचारावा.